भाजलेल्या मातीचा हेवा

बायका सोन्याचा हेवा करतात, लुगड्याचा करतात, दुसरीच्या नवऱ्याच्या गोड बोलण्याचा करतात. मी मातीचा केला. हसा खुशाल. पण खरं सांगते, कोपरापर्यंत पाटल्या घालून धाकटी माझ्यापुढं नाचली असती तरी मी एवढी जळले नसते, जेवढी तिच्या हातातल्या मातीच्या वडीवर जळले.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. मी त्या घरची थोरली सून. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती अन् माझी कूस रिकामी होती. ही माझ्यामागनं आली, अन् पुढच्या सुगीला तिला दिवस गेले. ज्वारी पेरावी अन् उगवावी, एवढं सोपं काम तिला. मी नवस केले, तुळजापूरला अनवाणी जाऊन आले, बुधवार धरले, सोमवार धरले. देवीनं माझी ओटी घेतली अन् पदर भरला हिचा! तेव्हापासनं मी देवीशीसुद्धा थोडी तुटकच वागायला लागले.

आमचं गाव बेंबळीच्या अंगाचं. निजामाचं राज्य होतं, लांब कुठंतरी मोठी लढाई पेटली होती, अन् तिच्यापायी आमच्याकडं कापड, घासलेट, साखर सगळं आटून गेलं होतं. माती मात्र रग्गड. गावाच्या वरच्या अंगाला पडकी गढी होती. तिचे बुरूज ढासळून खाली पांढऱ्या मातीचे ढीग पडलेले. पावसाळ्याच्या तोंडावर सगळं गाव तीच माती पाट्यांनी वाहून आणायचं अन् माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पसरून चोपायचं. ती माती बसली की थेंब गळत नाही. लांबनं बघितलं तर गावातली सगळी घरं गढीनंच व्याली आहेत असं वाटायचं.

अन् हीच माती आमच्याकडं गरवार बाईला खायला द्यायची रीत होती. पांढरीची, म्हणजे गाव वसलेल्या जागेची, माती पोटात गेली की पोर गावाला धरून राहतं, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. तशीही त्या दिवसांत बाईला मातीचे डोहाळे लागतातच. माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, ह्या कामात मोठी सोवळी होती. ढिगाच्या आतली माती खणून काढायची, फडक्यानं चाळायची, पाण्यात कालवायची, बोटाएवढ्या वड्या थापून उन्हात वाळवायची, अन् मग चुलीच्या आरात लालबुंद होईपर्यंत भाजायची. त्या वड्या गार झाल्या की एका गाडग्यात भरून गाडगं उतरंडीच्या वरच्या टोकाला. त्याला हात लावायचा हक्क एकाच बाईला, जिला दिवस गेलेत तिला.

धाकटी दुपारची भाकरी खाऊन जोत्यावर बसायची, अन् आत्याबाई स्वतः उठून तिला वडी द्यायच्या. स्वतः उठून! मला आलेल्या तापात पाण्याचा तांब्या द्यायला ज्यांचे गुडघे दुखायचे, त्या आत्याबाई. धाकटी ती वडी दाढेखाली घ्यायची अन् कुर्रकन आवाज यायचा. तिचे डोळे आपसूक मिटायचे. तो वास माझ्यापर्यंत यायचा, तापलेल्या रानावर वळवाचे चार थेंब पडल्यावर येतो तसा. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, अन् त्याच वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी न राहवून म्हणलं, "आत्याबाई, मलाबी एक द्या की. चव तरी बघू द्या."

त्यांनी गाडग्यावर झाकणी ठेवली अन् माझ्याकडं न बघता म्हणल्या, "तुला काय करायची? तुझ्या पोटात कोन मागतंय?"

धाकटी खाली मान घालून बसली. तिनं हसायला पाहिजे होतं. हसली असती तर मी तिची झिंजी धरली असती अन् मोकळी झाले असते. पण ती हसली नाही, अन् माझा सगळा राग माझ्यापाशीच राहिला.

त्याच महिन्यात तामलवाडीचं बोलणं निघालं. तिथं आत्याबाईंच्या भावाची मुलगी होती, न्हातीधुती झालेली. येत्या लग्नसराईपर्यंत माझं काही दिसलं नाही तर ती माझ्या नवऱ्याला करायची, असं ठरायला लागलं. तेव्हा ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाट बघितली म्हणून उलट सासरचा मोठेपणाच गायचे लोक. मी रात्रंदिवस मरमर काम करत होते, पण कामाला काय, बैलही करतो. आमचे मालक स्वभावानं गोगलगाय. मी विचारलं, "तुमचं काय म्हननं हाय?" तर म्हणाले, "आई म्हनंल तसं." मी म्हणलं, "मंग आईशीच संसार करा," अन् तिकडं तोंड करून झोपले.

तर असा माझा सगळा जीव त्या एका गोष्टीला टांगलेला होता. पोर दिसलं तर मी घरची, नाही तर सवतीची मोलकरीण. अन् धाकटी समोर बसून कुर्रकुर्र करायची.

गढीच्या मागच्या अंगाला बायकांची परसाकडंला बसायची जागा, गोदरी, होती. पहाटे तांब्या घेऊन आम्ही सगळ्याजणी तिकडंच जायचो. आता कळतं, तेव्हा कुणाला कळत होतं? एका बाजूला गाव बसायचं अन् दुसऱ्या बाजूनं तीच माती उकरायचं. पावसाचं पाणी काही मधे भिंत बघून वाहत नाही. एक दिवस मी मागं रेंगाळले, बुरुजाच्या पायथ्याचं एक ढेकूळ उचललं अन् ओच्यात लपवलं. घरी येऊन गोठ्यात बसून खाल्लं. चाळायचं नाही, भाजायचं नाही. भाजायला चूल पाहिजे, अन् चुलीपाशी आत्याबाई. ज्याच्या घरात हक्क नाही त्यानं कच्चंच खायचं असतं.

काय सांगू त्या मातीची गोडी! जिभेवर विरघळायची अन् टाळूला चिकटायची. मला वाटलं, हिला मिळतं ते मलाही मिळालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलं. मग रोजच. धाकटी बाळंतपणाला माहेरी गेली, गाडगं रिकामं होऊन पालथं पडलं, पण माझं काही सुटलं नाही. भाकरीपेक्षा मला मातीच आठवायची. म्हैस धुताना, सरकी भरताना, देवाला दिवा लावताना, डोक्यात एकच, ते ढेकूळ.

धाकटी पोरगा घेऊन आली. गोरा, गुटगुटीत, मनगटाला वळ्या पडलेला. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला अन् सगळ्यांदेखत मला म्हणल्या, "तू जरा लांब हो गं. दिष्ट लागंल." वांझेची नजर पोराला लागते म्हणून! मी लांब झाले. इतकी लांब झाले की थेट गोठ्यात गेले अन् ढेकूळ काढून बसले. अन् नेमक्या त्याच वेळी आत्याबाई शेणी न्यायला मागनं आल्या.

माझं तोंड पांढरं, ओठ पांढरे, मूठ पांढरी. मला वाटलं, आता झाडूनं मारतात. पण त्या उभ्याच राहिल्या. डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं. पोट खरंच वर आलं होतं. मलाही लुगड्याची गाठ घट्ट लागत होती.

"किती दिस झाले माती खातीस?"

"लई दिस झाले."

"अन् बाजूला कवा बसलीस?"

मी विचार करायला लागले. दर महिन्याला चार दिवस बाहेर बसायचं, ते बऱ्याच दिवसांत झालंच नव्हतं. अंग गळून गेलेलं, चढावर धाप लागायची, सकाळी मळमळायचं. मी हे सगळं दुःखाच्या खात्यावर टाकलं होतं. आत्याबाईंनी हातातल्या शेणी टाकून दिल्या.

"अगं बया! अगं माझे बये!" म्हणून त्यांनी माझी मातीनं भरलेली हनुवटी धरली. "बोलली न्हाईस ते? माती मागायला लागलंय की गं पोटात!"

माती खाते म्हणजे दिवस गेले, हे आमच्याकडं सूर्य उगवतो म्हणजे उजाडतं इतकं सरळ होतं. उलटंही असू शकतं, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या तर नव्हतंच. मी गोठ्याच्या गव्हाणीला टेकून ढसाढसा रडले. आत्याबाई माझ्या तोंडावरची माती त्यांच्या पदरानं पुसत होत्या. लग्न झाल्यापासनं त्यांचा पदर माझ्या अंगाला पहिल्यांदा लागला.

मग काय विचारता! उतरंडीवरचं गाडगं पुन्हा सरळ झालं. माझ्यासाठी वड्या थापल्या गेल्या, अन् त्या द्यायला आत्याबाई स्वतः उठायला लागल्या. तामलवाडीला निरोप गेला की पोरीला दुसरीकडं बघा. कापडाला आग लागलेल्या दिवसांत आत्याबाईंनी पेटीच्या तळातनं इरकली खण काढला अन् मला चोरचोळी शिवली. घागर आता धाकटी आणायची. कडेवर पोर, डोक्यावर घागर. मी जोत्यावर बसून वडी चावायची, अन् मुद्दाम जोरात चावायची.

धाकटी एकदा बोललीच, "आत्याबाई, माझ्या वेळंला एवढं तूप नव्हतं बाई."

अहाहा! काय सांगू मला काय झालं ते. इतकी वर्षं मी जळले होते, आता दुसरी जळत होती अन् त्याचा धूर माझ्या नाकाला गोड लागत होता. त्या रात्री मला शांत झोप लागली. जावाजावांचा हेवादावा म्हणतात तो हाच, अन् त्यात जिंकण्यासारखं सुख नाही. कुणी काही म्हणो.

पण खोटं नाही सांगत, सगळं सुख तेवढंच नव्हतं. दुपारी आडवी पडले की पोटात हलायचं. खरंच हलायचं. वळवळ व्हायची, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला काहीतरी सरकायचं. मी पोटावर हात ठेवून त्याच्याशी बोलायचे. आज हुरडा भाजला हो. आज तुझ्या आज्जीनं मला तू म्हणायचं सोडून बाळा म्हणलं. तू भिऊ नको, मी हाय. बेंबीच्या भोवती कळ यायची तेव्हाही मी म्हणायचे, मार लाथा, मार. एरंडाचं पान गरम करून पोटावर ठेवायचे अन् तेही एका अंगाला, त्याला चटका बसू नये म्हणून.

रोज सण असावा तसे दिवस चालले होते, अन् मग हळूहळू त्यात खोट दिसायला लागली. महिने सरले, पण पोट वाढावं तसं वाढेना. हातपाय काड्या झाले, तोंड हळदीसारखं पडलं, पायावर सूज. परसाकडं रक्त अन् शेंब पडायची. मी ते कुणाला सांगितलं नाही. एक दिवस खळ्यावर उभ्या उभ्या घेरी येऊन पडले.

आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. चुलीत टाकल्या तर मोहऱ्या तडतडल्या, पण वास आला नाही. वास आला नाही म्हणजे दृष्ट जबर. आता दृष्ट कुणाची? गावाला विचारायची गरजच नव्हती. तुपावरनं कोण बोललं होतं? आत्याबाई अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "घरातलीच हाय जळकी! स्वतःचं मांडीवर हाय, अन् दुसरीच्या पोटातलं बघवंना!"

मी आत घोंगडीवर पडले होते. मला वाटलं, धाकटी रडेल. ती रडणाऱ्यातली नव्हती. ती पोराला खाकोटीला मारून आत्याबाईंच्या पुढं येऊन उभी राहिली. "माझ्यावर आळ नगं. अक्कांना धाराशिवच्या दवाखान्यात न्या. डाक्टर म्हनू द्या दिष्ट हाय, मंग म्या माझे डोळे फोडून घेते."

आमच्या घरातली बाई तोवर कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. पण दीर तिच्या बाजूनं बोलले, अन् आमचे मालक, नवल म्हणजे आमचे मालकही, उठून गाडीला बैल जुंपायला लागले. आत्याबाई घर सोडून येणार नव्हत्या. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून धाकटीच आली, अंगावरचं पोर घेऊन. सगळ्या वाटेनं मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. गाडी खड्ड्यात गेली की ती हात पुढं करायची, अन् मी गाडीची कड घट्ट धरून बसायचे.

दवाखान्यात पुरुष बाहेर राहिले. आत एका नर्सबाईनं मला पडद्यामागं नेलं, पोट दाबलं, कान लावला, पुन्हा तपासलं. तिनं तोंड धुतल्यासारखं कोरं केलं अन् विचारलं, "तुला कुनी सांगितलं गं दिवस गेलेत म्हनून?"

"सांगाया कशाला पायजे? आतून हालतंय."

"हालतंय ते मूल न्हाय, माय."

मी उठून बसले. म्हणलं, "तुझी जीभ झडो." नर्सबाईला अशा शिव्या रोजच्या असाव्यात. तिनं माझ्या पापणीची खालची कड ओढून बघितली, चुन्यासारखी पांढरी, अन् डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर मुसलमान होते, वयस्क. आमच्याकडच्या दखनीत बोलायचे अन् बोलताना खाली बघायचे. "मट्टी खाते क्या बाई?" त्यांनी विचारलं.

धाकटी म्हणली, "खात्यात. घरात भाजलेली देतो आमी. पन त्येच्या आधी लई दिस ह्यांनी कच्ची खाल्ली, गढीमागची. अजूनबी खात्यात. म्या बघितलंय."

म्हणजे हिनं बघितलं होतं! पहिल्यापासनं बघितलं होतं, अन् आत्याबाईंच्या कानावर घातलं नव्हतं. मला तेव्हा त्याचाही संतापच आला.

माझं शौच तपासायला गेलं. मग डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, माझ्याशी नाही, धाकटीशी बोलल्यासारखं. पोटात जंत आहेत, एक-दोन जातींचे, अन् मोजदादीच्या पलीकडं. माणसं जिथं बसतात तिथल्या मातीत त्यांची अंडी असतात, डोळ्याला दिसत नाहीत. ती माती कच्ची खाल्ली की अंडी पोटात फुटतात. भाजली तर आगीत मरतात. जंत रक्त खाऊन टाकतात, रक्तच उरलं नाही म्हणून पाळी बंद. पोट वर आलं ते त्यांच्यानंच. अन् मातीची जी हाव सुटते, तीही अंगातलं रक्त आटलं की आणखी वाढते. त्यांनी एक बाटली आणून दाखवली. औषधाच्या पाण्यात काही बारीक तरंगत होतं. "देखो, चाबुक के माफिक." खरंच आसूडासारखा होता तो, मुठीकडं जाड अन् पुढं केसाएवढा बारीक. हा बारीक भाग आतड्यात रुतवून बसतो म्हणे, ओढला तरी निघत नाही.

मी बाटलीकडं बघितलं अन् धाकटीकडं बघितलं. हिनं भाजलेली खाल्ली अन् हिला पोर झालं. मला भाजलेली मिळाली नाही अन् मला हे झालं. एकाच गढीची माती! त्या वेळी माझ्या मनात जेवढा जाळ होता, त्यात गाडगंभर वड्या भाजून निघाल्या असत्या.

संध्याकाळपासनं उपाशी ठेवून सकाळी नर्सबाईनं औषध आणलं. तेलकट, घाणेरड्या वासाचं. मी तोंड मिटून घेतलं. कळलेलं सगळं होतं हो मला. बाटली बघितली होती, ऐकलं होतं. पण हे प्याले की पोट जाणार. पोट गेलं की वड्या गेल्या, जोतं गेलं, ते बाळा म्हणणं गेलं, अन् तामलवाडीची आली. मी पोटावर दोन्ही हात आवळले अन् भिंतीकडं सरकले.

धाकटीनं पोर खाली वाकळंवर ठेवलं. "अक्का, प्या."

"तुला काय जातंय म्हनायला? तुझं खाली लोळतंय की!"

"प्या म्हनते ना! मराल."

"मरू दे. मेले तर गरवार मेले म्हनतील."

तिनं पुढं काही ऐकलं नाही. माझ्या छातीवर गुडघा टेकला, नाक दाबलं, अन् तोंड उघडल्याबरोबर नर्सबाईच्या हातातलं औषध ओतलं. मी तिला चावले. तिच्या अंगठ्याजवळ माझ्या दातांची खूण पुढं जन्मभर राहिली. मग मिठाचा जुलाब दिला.

परसात मला तिनंच धरलं होतं. जे पडलं ते मी बघितलं. बघू नका अक्का, ती म्हणत होती, पण मी बघितलं. गांडुळासारखे, वीतभर, पांढुरके, काही अजून वळवळत होते. अन् मधे मधे ते बारीक आसूड. ह्यांच्याशी मी बोलत होते. ह्यांना हुरड्याचं सांगत होते. ह्यांना चटका बसू नये म्हणून एरंडाचं पान बाजूला सरकवत होते. मी तिथंच धाकटीच्या गळ्यात पडून असा टाहो फोडला की पलीकडच्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, इथं कुणाचं तरी लेकरू गेलं.

औषध आणखी एकदा द्यावं लागलं. डॉक्टरांनी लोखंडाच्या गोळ्या दिल्या अन् बजावलं, मातीला हात लावायचा नाही, भाजलेलीलाही नाही. गाडीत बसलो तेव्हा माझं पोट पाठीला लागलं होतं. पुढं आमचे मालक बैल हाकत होते. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. बेंबळी जवळ आली तशी मी एकच घोकायला लागले. घरी काय सांगायचं? एवढे महिने जंत वागवले? गाव हसून हसून मरेल, अन् हसणं संपायच्या आत तामलवाडीला निरोप जाईल. धाकटीच्या हातात आता सगळं होतं. तिनं दोन वाक्यं बोलायची, अन् तिच्यावरचा दृष्टीचा आळ धुऊन निघणार होता. त्याचसाठी तर ती दवाखान्यापर्यंत भांडली होती. मी तिच्याकडं बघितलंही नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

दारात आत्याबाई उभ्या. माझं सपाट पोट बघून त्यांचा चेहराच उतरला. मी खाली उतरायच्या आत धाकटी पुढं झाली.

"पडलं, आत्याबाई," ती म्हणली. "डाक्टर म्हनला, परत व्हईल. कूस चांगली हाय."

एवढंच. एका वाक्यानं तिनं माझी कूस भरली होती असं करून टाकलं. ज्या झाडाला एकदा बहर आला, ते झाड तोडत नाहीत. तामलवाडीचं बोलणं पुन्हा निघालं नाही. पण पोर पडलं म्हणजे दृष्टही खरीच ठरली. आत्याबाईंनी तिथंच, उंबऱ्यावर, धाकटीच्या तोंडात भडकावली. "भरलं का तुझं मन, सटवे?" तिच्या कडेवरचं पोर किंचाळलं. अन् ती वळून गाडीतनं माझं गाठोडं उतरवायला लागली.

मी बोलले नाही. बोलले असते तर मरत होते.

लोखंडाच्या गोळ्यांनी रंग आला, पाळी आली, अन् वर्षभरानं मला खरंच दिवस राहिले. ह्या वेळी पोटात हललं तेव्हा मी तासभर भिऊन बसले होते. आत्याबाईंनी गढीची माती आणली, चाळली, वड्या भाजल्या, अन् गाडगं माझ्यापुढं ठेवलं. सगळी आळी जमलेली. वडी बघितली अन् माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं होऊनही सुटलं, निर्लज्ज कुठलं! हात पुढं गेला. नको म्हणायला कारण सांगावं लागणार, अन् कारण काय सांगू?

धाकटी मधेच आली. तिनं ते गाडगं उचललं अन् अंगणातल्या दगडावर आपटलं. खापऱ्या उडाल्या. "न्हाय खायाची ह्यांनी! म्हनताय न्हवं मला जळकी? मंग जळते म्या. आता पुन्यांदा ह्या घरात वडी भाजली तर चूल फोडीन."

आत्याबाईंनी कपाळ बडवलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. एवढ्या गर्दीत तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं, अन् मी हात मागं घेतला. मला मुलगी झाली, सहीसलामत.

त्यानंतर निजाम गेला, गढी सपाट झाली, माळवदांवर पत्रे आले. धाकटी माझ्या आधी गेली. जन्मभरात तिनं मला एकदाही टोचून बोलून दाखवलं नाही. एकदा तरी बोलायला पाहिजे होतं मेलीनं, मी फेडल्यासारखी मोकळी झाले असते. परवा कुणाच्यातरी बारशाला गेले होते. तिथं एक म्हातारी नव्या सुनांना सांगत होती, पूर्वी ह्या गावात एक जाऊ होती, इतकी जळकी की थोरल्या जावेचं पोट तिनं नजरेनं पाडलं, अन् पुढं डोहाळ्याचं गाडगंसुद्धा फोडलं. पोरी माझ्याकडं बघून हळहळल्या. एकीनं माझा हात धरला.

आयुष्यभर त्या घरात जळले ती मी. अन् जळकी म्हणून नाव राहिलं, तेही तीच घेऊन गेली.